वर्गणी की भीक? रोगनियंत्रणाचा खर्च कोणी उचलायचा?

(महासंघाच्या कार्यकर्ता अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी आम्ही निवडलेला विषय काहींना जरा लांबचा वाटेल. महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटीकरण हे आपले नेहमीचे प्रश्न. त्यांत 'श्रीमंत देशांनी गरीब देशांतल्या रोगनियंत्रणासाठी पैसा द्यावा का' हा प्रश्न कुठून आला, असे दोन-तीन शाखांतून विचारलेही गेले. भुसावळपासून खरगपूरपर्यंत आणि इटारसीपासून हुबळीपर्यंत आपली मराठी कामगार मंडळी विखुरलेली आहेत. त्यांनी दिवसभराच्या ड्यूटीनंतर हा विषय का ऐकावा, याचे उत्तर आम्ही आधी देऊ इच्छितो.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने आपली परदेशी मदत एका आदेशाने थांबवली. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली. जुलै २०२५ मध्ये त्यांची मदत देणारी संस्था अधिकृतपणे बंद झाली. ब्रिटनने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचे जाहीर केले. दक्षिण आफ्रिकेत एड्स आणि क्षयरोगाच्या कामावरील हजारो आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या काही आठवड्यांत गेल्या. ते बहुतेक कंत्राटी होते. ना नोटीस, ना भरपाई. त्यांच्याकडे औषधासाठी येणारे रुग्ण दाराला कुलूप पाहून परत गेले. यावर आपल्याकडे दोन तऱ्हेची प्रतिक्रिया उमटली. एक, 'आपल्याला काय त्याचे?' आणि दुसरी, 'बरे झाले, परक्यांची भीक नको.' ही दोन्ही मते आपल्याच सभासदांची आहेत. म्हणून त्यांचा आदराने, पण नीट विचार केला पाहिजे.

रोगाला तिकीट लागत नाही

पहिल्या मताचे उत्तर आपल्या खात्यांच्या इतिहासातच आहे. देवीचा रोग आपल्यातल्या वयस्क मंडळींना आठवत असेल. १९७४ साली एकट्या भारतात देवीचे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले आणि ३१ हजारांवर माणसे मेली. त्या वर्षी टाटानगरच्या साथीतून निघालेला रोग रेल्वेने देशाच्या अनेक भागांत गेला. कामासाठी आलेला मजूर अंगात ताप घेऊन गावी परतला की आठवड्या-दोन आठवड्यांत त्याच्या गावात साथ उभी राही. पुढे भारतात देवीचा जो शेवटचा रुग्ण नोंदला गेला, ती बांगलादेशातून आलेली एक निराधार स्त्री होती. मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंज रेल्वे स्थानकाच्या फलाटावर ती सापडली. या देशातल्या देवीचा अखेरचा मुक्काम रेल्वेच्या फलाटावर होता, हे आपण लक्षात ठेवावे.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली तेव्हा काय झाले? लाखो माणसे गाड्यांना लटकून शहराबाहेर पडली. त्यांत आपल्या खानदेशातून पोटासाठी तिकडे गेलेले हजारो कामगार होते. त्या गर्दीत ड्यूटीवर असलेले तिकीट तपासनीस, गार्ड, सफाई कामगार, हमाल यांना कोणी विचारले नाही की तुमच्या संरक्षणाचे काय. देशभरात मृत्यू पन्नासच्या घरात झाले. पण अनेक देशांनी विमाने थांबवली, भारतीय माल अडवला, आणि व्यापाराला शेकडो कोटींचा फटका बसला. कोविडच्या काळात मे २०२१ पर्यंत रेल्वेचे १,९५२ कर्मचारी दगावल्याचे रेल्वे मंडळाच्या अध्यक्षांनीच सांगितले. टपाल खात्यातले आपले किती पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवक बंदच्या दिवसांत दारोदार औषधे आणि पैसे पोहोचवत होते, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा 'आपल्याला काय त्याचे' हे म्हणण्याची सोय निदान आपल्या खात्यांना नाही. रोग गाडीने जातो, बोटीने जातो, विमानाने जातो. कोणत्याही देशाची सीमा त्याला अडवत नाही.

देवी: हिशेब कोणी दिला, फायदा कोणाला झाला

आता पैशाकडे येऊ. १९६७ साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी निर्मूलनाची जोरदार मोहीम सुरू केली. त्या वेळी ३१ देशांत रोग ठाण मांडून होता आणि वर्षाला अंदाजे एक ते दीड कोटी लोकांना देवी येत होत्या. निर्मूलनाची कल्पना १९५८ सालीच सोव्हिएत प्रतिनिधी झ्दानोव यांनी मांडली होती. सोव्हिएत संघाने पुढच्या वीस वर्षांत १४० कोटींहून अधिक मात्रा लस मोफत दिली. अमेरिकेने तज्ज्ञ आणि पैसा दिला. स्वीडनने भारतातल्या शेवटच्या टप्प्याला मोठा हातभार लावला. शीतयुद्ध चालू असतानाही या एका कामात दोन्ही गट एका बाजूला उभे राहिले.

१९६७ पासूनच्या या मोहिमेचा एकूण खर्च सुमारे ३० कोटी डॉलर झाला. त्यातले साधारण १० कोटी डॉलर बाहेरून आले आणि उरलेले २० कोटी रोगग्रस्त गरीब देशांनीच आपल्या खिशातून घातले. म्हणजे तीन रुपयांतले दोन रुपये गरिबाचे. शिवाय घरोघर फिरून रुग्ण शोधणारे, लस टोचणारे जे लाखभर कर्मचारी आपल्याकडे राबले, तेही इथलेच होते. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिक देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि मे १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले.

फायदा कोणाला झाला? सर्वांनाच. पण रोकड हिशेबात सर्वांत जास्त वाचले ते श्रीमंत देशांचे. त्यांच्याकडे देवी नव्हतीच, तरी बाहेरून येईल या भीतीने त्यांना वर्षानुवर्षे लस टोचावी लागे, बंदरांवर तपासणी ठेवावी लागे. ते सगळे बंद झाले. जगभर मिळून ही बचत वर्षाला १०० कोटी डॉलरहून अधिक होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एकदाच दिलेले १० कोटी आणि दर वर्षी वाचणारे १०० कोटी! याला कोणी दानधर्म म्हणत असेल तर आमच्या पतपेढीच्या खजिनदाराला विचारावे. असा व्याजदर त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नसेल.

हिवताप: अर्ध्यावर सोडलेले काम

देवीची गोष्ट यशाची म्हणून सगळे सांगतात. तिच्या शेजारीच हिवतापाची गोष्ट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही.

हिवताप हा आपल्या खात्यांचा जुना सोबती. लोहमार्गाचे भराव घालताना माती काढलेल्या खड्ड्यांत पाणी साचे, पाण्याचे नैसर्गिक वाटे अडत आणि डास वाढत. इंग्रजांच्या काळात १८९२ पासून बंगालमध्ये आणि नंतर इतरत्र टपाल कचेऱ्यांतून क्विनीनच्या एक-एक पैशाच्या पुड्या विकल्या जात. टपाल कचेरीच्या खिडकीवर तिकिटाबरोबर तापाचे औषधही मिळत असे.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ साली अमेरिकेच्या मदतीने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घरोघर डी.डी.टी.ची फवारणी झाली. १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ साली रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास आली आणि मृत्यूची नोंदच झाली नाही. जगातल्या मोठ्या यशांपैकी हे एक होते.

पण १९५८ मध्ये अमेरिकेने जागतिक मोहिमेला दिलेला मोठा पैसा पाच वर्षांच्या मुदतीचा होता. १९६३ नंतर तो आटला. रोग कमी झाला म्हणजे काम संपले, अशी देणाऱ्यांची समजूत झाली. आपल्या सरकारनेही हात आखडता घेतला. फवारणीचे सामान वेळेवर मिळेना, डासांना औषधाची सवय झाली, गावपातळीवर दवाखानेच नव्हते, फवारणी कामगारांच्या जागा रिकाम्या राहिल्या. परिणाम? १९७६ साली देशात हिवतापाचे ६४ लाख ७० हजार रुग्ण नोंदले गेले. शेजारच्या श्रीलंकेत १९६३ साली सतरा रुग्ण उरले होते. १९६८-६९ मध्ये तिथे पाच लाखांवर झाले. त्या देशाला हिवतापमुक्त होण्यासाठी पुढे २०१६ साल उजाडावे लागले.

रेल्वेतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. लोहमार्गाची देखभाल अपघात झाले नाहीत म्हणून थांबवता येत नाही. देखभाल चालू आहे म्हणूनच अपघात होत नाहीत. ट्रॅकमनच्या जागा रद्द करणारा अधिकारी पहिली दोन वर्षे पैसा वाचवल्याचे प्रशस्तिपत्र मिळवतो. तिसऱ्या वर्षी काय होते ते आपण पाहतो. १९६३ मध्ये हिवतापाचे झाले, तेच २०२५ मध्ये क्षय आणि एड्सच्या बाबतीत घडण्याची भीती आहे. एड्स, क्षय आणि हिवतापासाठी २००२ साली उभारलेल्या जागतिक निधीने पुढच्या तीन वर्षांसाठी १८ अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठेवले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गला आश्वासने मिळाली ती ११ अब्जांच्या थोडी वर. अर्धवट घेतलेल्या औषधाने क्षय बरा होत नाही. तो औषधाला दाद न देणारा होतो आणि मग त्याचा खर्च कितीतरी पटीने वाढतो.

क्षयरोग: ज्ञान कोणी दिले

क्षयाचा विषय निघाला म्हणून सांगतो. श्रीमंत देश देतात आणि आपण घेतो, एवढेच चित्र खरे नाही.

१९५० च्या दशकापर्यंत क्षयाच्या रुग्णाला आरोग्यधामात महिनोन्महिने ठेवणे हाच मान्य उपचार होता. आपल्याकडे तेवढ्या खाटा कधीच नव्हत्या. १९५६ साली मद्रासमध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र काढले. काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आला की घरी राहून नियमित औषध घेणारा गरीब रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि घरच्यांना त्यामुळे जास्त धोका होत नाही. या एका निष्कर्षाने जगभरच्या क्षयोपचाराची दिशा बदलली. ब्रिटन-अमेरिकेतली आरोग्यधामे बंद होण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्या देशांनी वाचवलेल्या प्रत्येक खाटेच्या खर्चात मद्रासच्या झोपडपट्टीतल्या रुग्णांचा वाटा आहे. त्याचे बिल आपण कधी पाठवलेले नाही.

आजची स्थिती काय आहे? २०२३ साली जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि साडेबारा लाख मेले. जगातल्या दर चार रुग्णांमागे एक भारतातला आहे. क्षयाच्या कामासाठी वर्षाला २२ अब्ज डॉलर लागतील, असे सर्व देशांनी मान्य केले आहे. २०२३ मध्ये उपलब्ध झाले ५.७ अब्ज. त्यातले सुमारे ऐंशी टक्के त्या त्या देशांनी स्वतःच घातले होते. 'गरीब देश आमच्या जिवावर जगतात' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

जुनी थकबाकी

आता तत्त्वाचा प्रश्न. श्रीमंत देश देणे लागतात का? आमचे उत्तर आहे, होय.

बोरघाटाची लाईन १८५६ ते १८६३ या काळात बांधली गेली. तिथे हजारो मजूर मेले, काही अपघातात आणि बरेचसे पटकीने व तापाने. त्याच काळात जी.आय.पी. कंपनीच्या लंडनमधल्या भागधारकांना त्यांच्या भांडवलावर पाच टक्के परतावा मिळेलच, अशी हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिलेली होती. भागधारकाच्या नफ्याला हमी होती, मजुराच्या जिवाला नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा युरोपातल्या राष्ट्रांनी १८९७ साली व्हेनिसला परिषद भरवली. तिची मुख्य चिंता होती ती युरोपची बंदरे कशी वाचवायची ही. मुंबईच्या चाळीत नळ आणि गटार कसे पोहोचवायचे, हा विषय तिथे नव्हता.

हे जुने झाले म्हणाल, तर आजचे पाहा. आपल्या नर्स आणि डॉक्टर आपल्या पैशाने शिकतात आणि ब्रिटनच्या, आखाताच्या, अमेरिकेच्या इस्पितळांत काम करतात. त्यांनी जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. चांगल्या पगारासाठी घर सोडण्याचा हक्क कामगाराला आहे, आपणही कोकण-खानदेश-विदर्भ सोडूनच इथे आलो. पण त्यांच्या शिक्षणाचा खर्च गरीब देशाने केला आणि लाभ श्रीमंत देशाने घेतला, हेही खरे. दुसरीकडे कर्ज पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेने २०२४ साली सांगितले की जगातले ३३० कोटींहून अधिक लोक अशा देशांत राहतात, जिथे सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर जेवढे खर्च करते त्यापेक्षा जास्त कर्जाच्या व्याजावर करते. डाव्या हाताने मदत द्यायची आणि उजव्या हाताने व्याज काढून घ्यायचे, हा हिशेब गावच्या सावकाराला चांगला ठाऊक आहे.

१९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ठराव झाला की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचे ०.७ टक्के विकासासाठी द्यावे. शंभर रुपयांतले सत्तर पैसे. पन्नास वर्षे उलटून गेली, पण मूठभर देश सोडले तर कोणी ते पाळले नाही.

तीन आक्षेप

यावर आपल्याच सभासदांनी घेतलेले आक्षेप आम्ही टाळणार नाही.

पहिला आक्षेप स्वाभिमानाचा. 'भारत मोठी अर्थव्यवस्था झाली, आता हात का पसरायचा?' यात तथ्य आहे. भारताच्या एकूण आरोग्यखर्चात परदेशी पैशाचा वाटा आज अगदी अल्प आहे, आणि जागतिक निधीतून भारत जसे घेतो तसे देतोही. पोलिओचा बहुतेक खर्च आपण स्वतः केला. स्थानकांवर आणि चालत्या गाड्यांत मुलांना डोस पाजले. जानेवारी २०११ मध्ये हावड्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याचा अभिमान आहेच. पण मलावी, मोझांबिक, सिएरा लिओन यांच्या तिजोरीत आपल्याइतका पैसा नाही. आपल्या स्वाभिमानासाठी त्यांच्या मुलांचे औषध बंद व्हावे, असे कामगार संघटनेने म्हणू नये.

दुसरा आक्षेप असा, की 'पैसा पुढारी आणि ठेकेदार खातात.' खातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्या खात्यात टेंडरमध्ये घोटाळा झाला म्हणून गाड्या बंद करा, असे आपण म्हणतो का? आपण हिशेब मागतो, चौकशी मागतो, दोषीला शिक्षा मागतो. इथेही तेच मागायचे. गळती थांबवा म्हणायचे, नळ तोडा म्हणायचे नाही.

तिसरा आक्षेप श्रीमंत देशांतल्या कामगाराचा आहे आणि तो आपले भाऊबंदच आहे. तो म्हणतो, 'माझ्या करातून हा पैसा जातो आणि माझ्या शहरात डॉक्टरची वेळ मिळायला महिने लागतात.' त्याचे दुःख खोटे नाही. पण ब्रिटनने मदत कापली ती लष्करी खर्च वाढवण्यासाठी. तिथल्या सरकारने तसे उघड सांगितले. आफ्रिकेतल्या मुलाची लस बंद झाल्याने लंडनच्या कामगाराला दवाखाना मिळाला नाही. दोघांच्याही ताटातले उचलले गेले आहे. त्यामुळे हा प्रश्न दोन गरिबांमधल्या भांडणाचा होऊ द्यायचा नाही, हे आपले काम आहे.

देणगी आणि वर्गणी

पैसा द्यावा म्हटले, तरी तो कसा द्यावा हा प्रश्न उरतोच. आमच्या मते इथेच खरी गोम आहे.

आपल्या युनियनचा कारभार कशावर चालतो? वर्गणीवर. ज्याचा पगार जास्त त्याची वर्गणी जास्त, पण मत प्रत्येकाला एकच. उद्या एखादा ठेकेदार म्हणाला, 'तुमच्या युनियनला मी लाख रुपये देतो, फक्त माझ्या साईटचा विषय काढू नका', तर आपण ते घेणार नाही. देणगीदाराच्या हातात चावी गेली की संघटना त्याची होते.

जागतिक आरोग्य संघटनेचे असेच झाले. तिथेही प्रत्येक देशाची कुवतीप्रमाणे ठरलेली वर्गणी आहे आणि सभेत प्रत्येक देशाला एक मत आहे. पण हळूहळू ठरलेल्या वर्गणीचा वाटा एकूण पैशाच्या पाचव्या हिश्शाच्याही खाली गेला. बाकी सगळी ऐच्छिक देणगी, आणि तीही बहुतेक देणगीदाराने सांगितलेल्या कामासाठीच. ज्या रोगाची श्रीमंत देशांना भीती वाटते किंवा ज्याचा निकाल लवकर दाखवता येतो, त्याला पैसा मिळतो. साप चावून मरणाऱ्या शेतमजुराला आणि सिलिकोसिसने मरणाऱ्या खाणकामगाराला मिळत नाही. २०२२ साली सभासद देशांनी ठरवले की ठरलेल्या वर्गणीचा वाटा २०३०-३१ पर्यंत मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत न्यायचा. त्या दिशेने मे २०२५ मध्ये वीस टक्के वाढ मंजूरही झाली. हा मार्ग बरोबर आहे. अमेरिकेने बाहेर पडून या मार्गाला मोठा धक्का दिला आहे. एका बड्या सभासदाने वर्गणी बंद केली तर युनियन मोडत नाही, पण बाकीच्यांनी ती वाढवावी लागते. त्यात भारतही आला.

दुसरी बाब कर्जाची. १९९७ साली आपला सुधारित क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तो जागतिक बँकेच्या पैशावर, आणि ते कर्ज होते. कर्जाला मदत म्हणू नये. त्याची परतफेड आपल्याच करांतून होते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब पेटंटची. मुंबईच्या सिप्ला कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. तोवर बड्या कंपन्या त्यासाठी दहा हजार डॉलरच्या वर घेत होत्या. हे शक्य झाले १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे. तो कायदा जागतिक व्यापार संघटनेच्या दबावाखाली २००५ मध्ये बदलावा लागला. तरी त्याच बदलात कलम ३(ड) आजच्या स्वरूपात आले. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट घेण्याला ते आडवे येते. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावरचे बेडाक्विलिन घ्या. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याची मक्तेदारी लांबवण्यासाठी केलेला अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. त्याला विरोध केला होता दोन तरुणींनी, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची. दोघी क्षयातून वाचलेल्या आणि जुन्या औषधांमुळे ऐकू येणे गमावलेल्या. त्यानंतर काही महिन्यांत जागतिक खरेदीतला औषधाचा दर निम्म्याच्या आसपास आला.

तेव्हा ज्या देशाला दहा डॉलर मदत द्यायची आणि त्याच्याचकडून औषधाच्या किमतीत वीस डॉलर काढायचे, असली मदत आपल्याला मान्य नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या काळापुरते पेटंट बाजूला ठेवण्याची मागणी केली. श्रीमंत देशांनी पावणेदोन वर्षे घोळ घातला आणि जून २०२२ मध्ये फार तोकडा निर्णय पदरात टाकला. तोवर जगात लाखो माणसे मेली होती.

आपल्या सरकारचे काय

बंधू-भगिनींनो, दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या सरकारला मोकळे सोडणे प्रामाणिकपणाचे नव्हे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू, असे लिहिले. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. आरोग्यावर होणाऱ्या दर शंभर रुपयांतले ३९ रुपये त्या वर्षी लोकांनी खिशातून घातले. २०२५ पर्यंत क्षयाचे निर्मूलन करू, अशी घोषणा झाली. लाखामागे नवे रुग्ण २०१५ मध्ये २३७ होते, ते २०२३ मध्ये १९५ वर आले. जगाच्या सरासरीपेक्षा ही घट चांगली आहे, हे मान्य करू. पण उद्दिष्ट गाठले गेले नाही. मार्च २०२४ मध्ये तर क्षयाच्या औषधांचाच तुटवडा पडला आणि राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगावे लागले. जगाला औषध पुरवणाऱ्या देशात ही गोष्ट शोभत नाही.

आपल्या खात्यांतही पाहा. कायम रेल्वे कर्मचाऱ्याला रेल्वेचे इस्पितळ आहे. डब्यांची सफाई करणाऱ्या कंत्राटी कामगाराला ते दार उघडे नाही. तो त्याच डब्यात, त्याच धुळीत काम करतो. पोस्टमनला जे आरोग्यसंरक्षण आहे, ते ग्रामीण डाक सेवकाला तसे मिळत नाही. श्रीमंत देशांनी गरिबांची काळजी घ्यावी असे आपण जगाला सांगत असू, तर कायम कामगाराने कंत्राटी कामगारासाठी भांडलेच पाहिजे. तत्त्व एकच आहे.

आपण काय मागायचे

म्हणून या अभ्यासवर्गातून आम्ही पुढील मुद्दे शाखांपुढे चर्चेसाठी ठेवत आहोत:

१. रोगनियंत्रणासाठी श्रीमंत राष्ट्रांनी ठरलेल्या प्रमाणात, ठरलेल्या मुदतीत वर्गणी द्यावी. ती कर्ज नसावी आणि काम पूर्ण होईपर्यंत अर्ध्यावर थांबवू नये.

२. त्या पैशाचा विनियोग ठरवताना गरीब देशांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांना मत असावे.

३. पेटंट कायद्यातील कलम ३(ड) कोणत्याही व्यापार करारात सरकारने सोडू नये.

४. केंद्र सरकारने आरोग्यावरील खर्च अडीच टक्क्यांवर न्यावा, आणि आपल्याहून गरीब देशांसाठीची भारताची वर्गणी वाढवावी.

५. रेल्वे व टपाल खात्यातील कंत्राटी कामगार आणि ग्रामीण डाक सेवक यांना क्षयाची मोफत तपासणी आणि उपचाराच्या काळात पगारी रजा मिळावी.

६. मदत बंद झाल्याने नोकरी गेलेल्या परदेशी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांना महासंघाने पाठिंब्याचे पत्र पाठवावे.

शेवटचा मुद्दा काहींना कागदी वाटेल. पण संपात असताना लांबच्या युनियनकडून आलेले दोन ओळींचे पत्र गेटवर वाचून दाखवले की काय होते, हे इथे बसलेल्यांना ठाऊक आहे.

एक विनंती करून थांबतो. आपापल्या शाखेच्या पुढच्या बैठकीत पाचवा मुद्दा आधी घ्या. आपल्या स्थानकावर, आपल्या टपाल कचेरीत, आर.एम.एस.च्या सॉर्टिंग हॉलमध्ये गेल्या वर्षभरात कोणाला क्षय झाला, कोणाचा पगार कापला गेला, कोणाला औषध वेळेवर मिळाले नाही, याची यादी करा. नावे गुप्त ठेवा, पण आकडे महासंघाच्या कार्यालयाकडे पाठवा. दिल्लीत मंत्रालयासमोर बसताना आणि परदेशी संघटनांशी बोलताना आपल्या हातात आपलाच हिशेब असला पाहिजे.

 कामगार एकजुटीचा विजय असो!